पारोळ्याहून आलेला फोन

प्रश्न: ताई, नमस्कार. मी एरंडोल तालुक्यातला, वय 34. तीन वर्षांपूर्वी जुनी दहा टायर गाडी घेतली. महिन्याला 38,000 हप्ता, अजून 26 बाकी आहेत. गाडी मी स्वतः चालवतो, सोबत एक क्लीनर पोरगा. सगळं काम जळगावच्या एका ट्रान्सपोर्टकडून मिळतं. तो सांगेल तिकडं जातो, कधी भिवंडी, कधी इंदूर, कधी नागपूर. पार्टीकडून, म्हणजे माल पाठवणाऱ्याकडून, तो किती भाडं घेतो ते मला कळत नाही. माझ्या हातात कमिशन कापून येतं आणि बाकी रक्कम माल मिळाल्याची पोच दिल्यावरही महिना-महिना लटकते. मागच्या महिन्यात भिवंडीत तीन दिवस गाडी खाली झाली नाही, त्याचा एक रुपया मिळाला नाही. आता स्वतःच्या पार्ट्या करायच्या आहेत. ज्या डाळ मिलचा आणि पाइपवाल्याचा माल मी नेतो, त्यांचे नंबर माझ्याकडं आहेत. त्यांनाच टनामागं 100 रुपये कमी सांगून थेट काम घेऊ का? की मोबाईलच्या ॲपवर जाऊ? बायको बी.कॉम. आहे, घरी असते, बचत गटाचे हिशेब लिहिते. ती म्हणते घाई करू नका.
— एक गाडीमालक, एरंडोल

उत्तर: भाऊ, आधी त्या दोन नंबरांचं. त्यांना फोन करू नका.

मी जळगावच्या एमआयडीसीत एका डाळ मिलच्या डिस्पॅचला, म्हणजे माल रवाना करायच्या टेबलावर, 14 वर्षं बसले. ट्रान्सपोर्टने पाठवलेल्या गाडीचा माणूस काटा करून यायचा आणि चलान हातात घेताना हळूच म्हणायचा, "मॅडम, पुढच्या वेळी मलाच सांगा, 100 कमी करतो." महिन्यातून दोन-तीनदा तरी हे व्हायचं. मी नंबर लिहून घ्यायचे आणि गाडी गेटबाहेर पडायच्या आत ट्रान्सपोर्टवाल्याला कळवायचे. त्यात दुष्टपणा नव्हता. दिवाळीच्या तोंडावर रात्री नऊ वाजता पाच गाड्या हव्यात असं सांगितलं, तर पाच गाड्या उभ्या करणारा तो माणूस होता. एका गाडीचे टनामागं 100 रुपये वाचवून ती सोय मी कशी घालवणार? शिवाय ज्याच्या जिवावर आला त्याच्याच पाठीमागं बोलणारा माणूस उद्या आमच्या मालाचं बाजूच्या मिलमध्ये बोलणार नाही, याची खात्री कोण देणार? तुमचा हप्ता त्या ट्रान्सपोर्टवर चालतो. तो दरवाजा बंद झाला आणि नवा उघडायचा राहिला, तर दुसऱ्याच महिन्यात फायनान्सवाले दारात येतील.

तो ट्रान्सपोर्टवाला नुसतं कमिशन खातो, हेही पूर्ण खरं नाही. पार्टी त्याला दीड-दोन महिन्यांनी पैसे देते आणि तुम्हाला तो निघतानाच डिझेलपुरता ॲडव्हान्स देतो. मधल्या दिवसांचं ओझं त्याच्या डोक्यावर असतं. तुम्ही थेट पार्टी केलीत की ते तुमच्या डोक्यावर येणार. जळगाव-सुरत जाऊन-येऊन सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास. गाडी लिटरला 4 देते आणि डिझेल 90 रुपये धरलं, तर एका फेरीला नुसतं डिझेलच 14,000 चं. महिन्याला सहा फेऱ्या म्हणजे 84,000. टोल, जेवण, पंक्चर वेगळं. पार्टीने महिन्याची उधारी मागितली तर एवढा पैसा रस्त्यावर पडून राहील. म्हणून तुमच्या घरचं म्हणणं बरोबर आहे. लाख-सव्वा लाख बाजूला पडेपर्यंत थेट पार्टी एकच करा, बाकीच्या फेऱ्या ट्रान्सपोर्टच्याच राहू द्या.

आता पार्टीला काय हवं असतं ते सांगते, कारण गाडीवाले सगळं गणित भाड्यातच शोधतात.

जुलैतली एक संध्याकाळ मला अजून दिसते. 17 टन तूरडाळ, 50 किलोच्या 340 गोण्या, शेडमध्ये थप्पी लावून तयार. बाहेर झिम्माड पाऊस. सहा हमाल थप्पीवर पाय सोडून बसलेले आणि मुकादम मला ऐकवतोय की आठच्या पुढं रेट दुप्पट. गाडी साडेसहाला यायची होती. अशा वेळी मी गाडीवाल्याला फोन लावून ओरडायचे, "गाडी कोठे शे भो?" आणि पलीकडून ठरलेलं उत्तर यायचं, "आलोच ताई, दहा मिनिटं." ती दहा मिनिटं कधी दोन तासांची व्हायची, कधी दुसऱ्या दिवसाची. त्या दिवशी मी फोन लावायच्या आत त्याचाच आला. "ताई, पारोळं सोडलं आणि मागचं टायर बसलं. स्टेपनी चढवतोय. साडेआठला गेटवर येतो. आठला परत फोन करतो, नाहीच जमत असं दिसलं तर तेव्हाच सांगतो, म्हणजे तुम्ही दुसरी गाडी बघाल." बरोबर आठला फोन आला. आठ चाळीसला गाडी आली. दहा मिनिटं उशीर झाला म्हणून त्याने मुकादमाला स्वतःहून चहा पाजला.

त्या माणसाचा नंबर मी टेबलासमोरच्या कॅलेंडरवर लिहिला. पुढची सहा वर्षं दर जानेवारीत तो नव्या कॅलेंडरवर उतरवत राहिले. त्याचं भाडं कधीच सगळ्यात कमी नव्हतं.

डिस्पॅचला बसणाऱ्या माणसाची नोकरी गाडीच्या वेळेवर टांगलेली असते. मालक वरून विचारतो, समोरचा व्यापारी विचारतो, हमाल विचारतात. त्या माणसाला खरं उत्तर देणारा गाडीवाला मिळाला की तो त्याला सोडत नाही. आणि इथंच तुमची अडचण आहे, भाऊ. गाडी तुम्ही स्वतः चालवता. कोंडाईबारीच्या घाटात स्टिअरिंग धरलेलं असताना फोन कसा उचलणार? उचलूही नका. म्हणून तुमच्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली ओळ म्हणजे शेवटची. तुमच्या घरी बी.कॉम. झालेली, हिशेब लिहिणारी, दिवसभर फोनजवळ असणारी बाई आहे. एक नंबर फक्त गाडीच्या धंद्याचा ठेवा आणि तो त्यांच्याकडं द्या. गाडी कुठं पोचली हे क्लीनर पोरगा दर दोन तासांनी त्यांना कळवेल, आणि पार्टीला त्या सांगतील. भरायला उशीर, निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, पोचपावतीचा फोटो, सगळं एका वहीत. जळगावात दहा-दहा गाड्या असलेल्यांकडंही फोनवर नीट बोलणारं माणूस नसतं. तुमच्याकडं आहे.

दुसरं, सगळीकडं धावणं थांबवा. आज इंदूर, उद्या नागपूर, परवा भिवंडी असं केलं तर कुठल्याच गावात तुम्ही चौथ्यांदा दिसत नाही आणि परतीचं भाडं दर वेळी अनोळखी दलालाच्या हातात जातं. एक रस्ता धरा. मी तुमच्या जागी असते तर सुरत धरली असती. तुमचं घरच त्या रस्त्यावर आहे. जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे, साक्री, नवापूर, आणि पुढं सुरत. आपल्याकडून तिकडं डाळ जाते, कापसाच्या गाठी जातात. तिकडून कापड येतं, आणि आपल्या पाइपांना, चटयांना लागणारं पीव्हीसी आणि प्लास्टिकचा दाणा हजिरा, दहेजच्या बाजूने येतो. दोन्ही बाजूंनी माल असलेला रस्ता हप्त्याच्या गाडीला बरा. जाताना भरलेली आणि येताना रिकामी गाडी म्हणजे अर्धं डिझेल हवेत.

आणि ही गोष्ट फार कमी गाडीवाल्यांच्या लक्षात येते: पार्टी शोधायला सुरतेला जायची गरजच नाही. परतीच्या मालाचा निर्णय बऱ्याचदा जळगावात होतो. बिल्टी, म्हणजे मालासोबतची ट्रान्सपोर्टची पावती, पेड आहे की टू पे, ते बघा. टू पे असेल तर भाडं माल घेणारा देतो, आणि जो भाडं देतो त्याला गाडी कुठली घ्यायची हे सांगता येतं. म्हणजे तुमची पहिली पार्टी एमआयडीसीतला एखादा चटईवाला असू शकते, ज्याच्याकडं महिन्याला तीन-चार गाड्या दाणा येतो आणि दर वेळी तिकडचा ट्रान्सपोर्ट पाठवेल ती गाडी त्याला झेलावी लागते. त्याला विचारा, मागच्या वेळी पिशव्या फाटून दाणा किती सांडला? हा प्रश्न त्याच्या वर्मावर बसतो. 25 किलोच्या पिशव्या असतात. गाडीच्या फळीतून एक खिळा अर्धा इंच वर आलेला असला की खालच्या थरातल्या चार-पाच पिशव्या फाटल्याच समजा. मातीत सांडलेला दाणा मशीनला चालत नाही. गाडीत जुनी ताडपत्री खाली अंथरून, खिळे ठोकून, झाडून आणलेली गाडी त्याला दाखवा. भाड्याची गोष्ट मग निघेल.

मोठ्या नावाच्या कंपन्यांच्या गेटवर मात्र वेळ घालवू नका. तिथं वर्षाचे करार होतात, एकाच वेळी वीस-वीस गाड्या मागतात, पैसे सावकाश येतात. एका गाडीवाल्याने महिन्याला दोन ते आठ गाड्या लागणारा माणूस शोधावा. मध्यम डाळ मिल, तेल मिल, चटईवाला, हार्डवेअरचा ठोक व्यापारी. जळगाव नाही तर धुळ्याची अवधान एमआयडीसी आहे, नरडाणा आहे, दोन्ही तुमच्या रस्त्याच्या आवाक्यात. केळीच्या मागं तूर्त लागू नका. रावेर-सावद्याची केळी उत्तरेला जाते, फळ थांबत नाही, पोचायला उशीर झाला की भाड्यातून कापतात. एकट्या ड्रायव्हरने ते अंगावर घेऊ नये.

जिनिंगचं, म्हणजे कापसाच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यांचं, मात्र बघाच. धरणगाव तुमच्या शेजारी, पुढं चोपडा, जामनेर, बोदवड. दसरा-दिवाळीपासून मार्चपर्यंत गाठी निघत राहतात. एक गाठ 170 किलोची, 100 गाठींचा लॉट, म्हणजे 17 टन. तुमच्या गाडीचंच माप. पण आधी आरसी काढून बघा. 2018 च्या जुलैत केंद्राने वजनाची मर्यादा वाढवली, तीन ॲक्सलच्या गाडीला 25 टनांवरून 28.5 टन. तुमची गाडी जुनी आहे, आरसीवर अजून 25 च असेल, तर रिकाम्या गाडीचं वजन वजा जाता 17 टन बसतात का ते काट्यावर करून घ्या. नसतील बसत तर आरटीओत विचारा, पण तोवर लॉट घेऊ नका. जादा वजनाला 20,000 दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. एका चालानात महिन्याची कमाई जाते. जिनिंगवाला अजून एक गोष्ट बघतो: ताडपत्री. भोक पडलेली ताडपत्री आणि विडी ओढणारा क्लीनर, या दोन्हींपैकी एक जरी दिसलं तरी तो गाडी परत पाठवतो. कापसाच्या गाठीत ठिणगी गेली तर ती आत धुमसत राहते आणि पन्नास किलोमीटरवर पेट घेते. दसऱ्याच्या आधी, हंगाम सुरू व्हायच्या आत जाऊन या. एक लक्षात ठेवा, होळीच्या आठवड्यात सातपुड्याकडचे हमाल गावी जातात आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळंच सैल पडतं. त्या दिवसांचा हप्ता आधीच बाजूला टाकून ठेवा.

भाडं किती सांगायचं? टनामागं 100 कमी करून तर मुळीच नाही. जो 100 ने तुमच्याकडं आला तो 50 ने दुसऱ्याकडं जाईल. आधी घरी बसून गाडीचा रोजचा खर्च काढा. हप्ता 38,000. विमा, परमिट, टॅक्स, फिटनेस महिन्याला वाटून समजा 10,000. टायर आणि मेंटेनन्सला 13,000. आणि तुमचा स्वतःचा ड्रायव्हरचा पगार 20,000. हा पगार तुम्ही धरत नाही, हे मी पत्रावरूनच सांगते, कारण स्वतः चालवणारा कोणीच धरत नाही. उद्या ताप आला आणि बदली ड्रायव्हर लावला की तो आकडा एकदम दिसतो. झाले 81,000, म्हणजे गाडी जागेवर उभी असली तरी दिवसाला 2,700. तुमचे आकडे इकडंतिकडं असतील, ते घाला. डिझेल आणि टोल त्याच्या वर. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा, म्हणजे फोनवर "होईल ना एवढ्यात?" असं कोणी म्हणालं की तुमच्या घरच्यांना लगेच उत्तर देता येईल.

थेट पार्टीशी बोलताना तीन गोष्टी आधी ठरवा, आणि ठरलं की व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. निघताना किती पैसे. हमाली-वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे, कोणाचे; ज्याचा माल त्याचा हमाल, हे आपलं म्हणणं, पण भरताना ठरलं नाही तर खाली करताना ते तुमच्याच खिशातून जातं. आणि पोचल्यापासून 24 तासांत गाडी खाली झाली नाही तर दिवसाचं हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडकल्याचे पैसे, किती. त्याला 2,700 चा आकडा सांगा आणि कसा निघाला तेही सांगा. व्यापारी माणसाला हिशेब दाखवला की तो भांडत नाही.

कागदांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, करून घ्या, ऑनलाइन आहे, फुकट आहे. छोट्या उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांत आणि नसला तर 15 दिवसांत द्यावेत असा कायदा आहे, आणि 2024 पासून वेळेत न दिलेली आणि वर्षअखेर बाकी राहिलेली रक्कम पार्टीला त्या वर्षीच्या आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. पार्टीचा सीए हे जाणतो. बिलाखाली उद्यम नंबर छापला की पुष्कळदा तेवढंच पुरतं. दहा किंवा कमी गाड्या असलेल्याने पॅन नंबरसह लेखी जाहीरपत्र दिलं की भाड्यातून टीडीएस कापत नाहीत. ते पहिल्याच बिलासोबत जोडा. थेट पार्टी तुमच्याकडं बिल्टी मागेल. स्वतःची बिल्टी काढली की जीएसटीत तुम्ही ट्रान्सपोर्ट एजन्सी ठरता. कंपनी किंवा नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याच्या मालावर 5 टक्के कर तो स्वतः उलट पद्धतीने (रिव्हर्स चार्ज) भरू शकतो आणि डाळ-धान्याच्या वाहतुकीला सूट आहे, पण बिल्टीबुक छापण्याआधी एकदा कर सल्लागारासमोर बसा. 2007 च्या कॅरेज बाय रोड कायद्याखालची आरटीओची नोंदणीही त्याच वेळी विचारा. ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन कागद, पार्टी काढेल, पण त्यावर गाडी नंबर बरोबर आहे का ते गेटवरच बघायचं. त्याची मुदत 200 किलोमीटरला एक दिवस, म्हणजे सुरतेला दोन दिवसांची. टायर बसून रात्र गेली तर मुदत तपासा.

ॲप वापरा, पण फक्त अडकलेल्या गाडीसाठी. सुरतेत रिकामे बसलात आणि ओळखीचं भाडं नाही, तेव्हा घ्या. तिथं समोर पुष्कळदा दुसरा दलालच असतो, म्हणून निघताना पूर्ण डिझेलचा ॲडव्हान्स हातात आल्याशिवाय माल भरू नका.

भेटायला जाताना सकाळी अकराला जा, मोटारसायकलवर. चारनंतर डिस्पॅचला बसलेल्या माणसाला मान वर करायला वेळ नसतो. शक्य असेल तर दोघं जा. "फोन या उचलतील" असं म्हणून घरच्यांची ओळख करून द्या. माझ्यासमोर 14 वर्षांत असं कोणी बाईला घेऊन आलं नाही. आलं असतं तर मी तो नंबर त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहिला असता.

राहिलं ते भिवंडीचं. गोदामाच्या गेटची एन्ट्री पावती असेल तर ती, नसेल तर शेवटच्या टोलची फास्टॅगची नोंद, आणि पोचवर गाडी खाली झाल्याची तारीख, हे दोन कागद जोडून ट्रान्सपोर्टवाल्याकडं दोन दिवसांचे 5,400 लेखी मागा. पहिला दिवस सोडून द्या. भांडू नका, कागद पुढं ठेवा. कदाचित पूर्ण देणार नाही. पण पुढच्या वेळी तुम्हाला भिवंडीला पाठवायच्या आधी तो गोदामाला फोन करून विचारेल, जागा आहे का.